विश्वस्ताची सही

पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या पुढच्या राजकीय कामगिरीबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं असतं. तिच्या जन्मामागचं एक निमित्त मात्र अगदी स्थानिक होतं. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल शहरात नाराजी होती आणि देवस्थानाच्या व्यवस्थेचा जाब कुणीतरी विचारायला हवा होता. पण विचारणाऱ्याला तो अधिकार कुणी दिला? सभेनं याचं उत्तर नियमातच घालून ठेवलं: सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे अशी सुमारे ६,००० माणसं उभी होती. सार्वजनिक काकांनी उभ्या केलेल्या या रचनेत विश्वस्तपणाचा सगळा गाभा आहे. लोकांच्या वतीनं जो काही सांभाळतो, त्यानं लोकांना उत्तर दिलं पाहिजे, आणि जो उत्तर मागतो त्यालाही आपण कुणासाठी मागतो आहोत हे ठाऊक असलं पाहिजे.

आज महाराष्ट्रात असं गाव सापडणं कठीण, जिथे एखादं देवस्थान, वाचनालय, शाळा चालवणारी संस्था किंवा वसतिगृह नाही. त्या प्रत्येकावर पाच, सात, अकरा माणसांचं मंडळ असतं. या मंडळांवर माणसं येतात ती बहुतेक मानानं येतात. निवृत्त मुख्याध्यापक, गावातले डॉक्टर, देणगी दिलेले व्यापारी, संस्थापकांचे जुने स्नेही. "तुमचं नाव असू द्या, काम आम्ही बघतो," असं सांगून त्यांना बोलावलं जातं आणि ते भिडेखातर होकार देतात. माझ्या मते आपल्या संस्थांचं सर्वांत मोठं दुखणं या वाक्यातच आहे. पैसे खाणारा माणूस एखादाच असतो. त्याच्या भोवती बसून वर्षानुवर्षं गप्प राहिलेली सभ्य माणसं अनेक असतात, आणि संस्था बुडते ती त्यांच्या गप्प राहण्यानं.

कायद्याला हे गप्प राहणं मान्य नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा इथला मुख्य कायदा. जुनी माणसं अजूनही त्याला 'बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट' म्हणतात. धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय याच कायद्यानं चालतं. पुष्कळांची समजूत अशी असते, की आपण 'ट्रस्टी' नाही, नुसते कार्यकारिणीचे सदस्य आहोत. पण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासही, म्हणजे विश्वस्त व्यवस्थाही, मानली जाते. तिचं नियामक मंडळ कायद्याच्या लेखी व्यवस्थापक ठरतं आणि विश्वस्ताच्या व्याख्येत व्यवस्थापक येतोच. म्हणजे पाटीवर अध्यक्ष लिहिलेलं असो, कार्यवाह असो की सदस्य, जबाबदारी विश्वस्ताचीच. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली काढलेल्या संस्थांत हीच जागा संचालक मंडळ घेतं.

१९५० च्या कायद्याला आव्हानही लवकरच मिळालं. १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा मोठा भाग उचलून धरला. धार्मिक न्यासावर खुद्द धर्मादाय आयुक्ताला विश्वस्त म्हणून नेमण्याची मुभा देणारी तरतूद मात्र टिकली नाही. त्या निकालातली दृष्टी मला आजही महत्त्वाची वाटते. सरकारनं देखरेख करावी, हिशेब मागावा, चूक झाली तर हात धरावा. कारभार मात्र विश्वस्तांनी करायचा. 'आयुक्त कार्यालय बघून घेईल' असं म्हणून मोकळं होता येत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. नव्या विश्वस्तानं पहिल्या आठवड्यात तीन कागद मागावेत: संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा म्हणजे परिशिष्ट १ चा उतारा, आणि मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. घटना वाचल्याशिवाय मंडळावर बसणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. कोरम किती, निवडणूक किती वर्षांनी, सर्वसाधारण सभेची नोटीस किती दिवस आधी, धनादेशावर कुणाच्या सह्या, आणि सर्वांत आधी संस्थेचा उद्देश काय, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी मिळालेल्या जागेवर मंगल कार्यालय चालवायचा ठराव आला, तर तो उत्पन्नाच्या दृष्टीनं कितीही आकर्षक असो, उद्देशाच्या कलमापुढे तो टिकतो का हे विचारणं हे विश्वस्ताचं काम आहे.

परिशिष्ट १ चा उतारा पाहिला की अनेकदा धक्का बसतो. त्यात अशा विश्वस्तांची नावं असतात, ज्यांची वर्षश्राद्धंही होऊन गेलेली असतात. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, जमीन आली, जमीन गेली, तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. बोलीभाषेत याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. तो दिला जात नाही, किंवा दिला तर त्यावर आक्षेप येतो आणि तो रेंगाळतो. एकाच संस्थेतले दोन गट आपापली निवडणूक घेऊन आपापला अर्ज लावतात. मग बँक खात्यावरच्या सह्या बदलत नाहीत, अनुदान अडतं, शिक्षकांचे पगार खोळंबतात. या भांडणांच्या मुळाशी पुष्कळदा कुणाचा दुष्टपणा नसतो. वीस वर्षांपूर्वी एका सभेची नोटीस नीट निघाली नाही, हजेरीवर सह्या घेतल्या नाहीत, इतकंच असतं. आज जो विश्वस्त हा कागद नीट ठेवण्याचा आग्रह धरतो, तो पुढच्या पिढीला कोर्टाच्या पायऱ्यांपासून वाचवतो.

पैशाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण इथे चांगल्या माणसांची फसगत सर्वाधिक होते. न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे १९५० च्या कायद्याचं कलम ३५ सांगतं: अनुसूचित बँका, टपाल खात्याची बचत बँक, सरकारी रोखे, राज्य सरकारनं यासाठी मान्य केलेली सहकारी बँक. पतसंस्था या यादीत बसत नाही. तरीही गावोगावच्या संस्थांच्या ठेवी पतसंस्थेत दिसतात, कारण पतसंस्थेचा अध्यक्ष आणि शाळेचा अध्यक्ष एकच असतो, किंवा अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं. बँकेतल्या ठेवीला निदान ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. आणि बँकेतला विमाही फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपुरताच आहे, त्याआधी तो १ लाख होता. संस्था कितीही मोठी असो, एका बँकेतल्या तिच्या नावावरच्या ठेवींसाठी ती एकच ठेवीदार.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षं ठेवीदार हेलपाटे घालत राहिले. अशा वेळी वसतिगृहाच्या मुलांचं जेवण, कर्मचाऱ्यांचा पगार, औषधांची बिलं थांबत नाहीत. म्हणून ठेवी किती ठिकाणी आहेत, त्यांची मुदत कधी संपते, ठेवपावत्या कुणाच्या कपाटात आहेत, हे वर्षातून दोनदा तरी मंडळापुढे यावं. खजिनदारावर अविश्वास म्हणून हे विचारायचं नसतं. असं विचारणारं मंडळ पाठीशी असलं, तर प्रामाणिक खजिनदारालाही निर्धास्त झोप लागते.

जमिनीचं तर विचारूच नये. शहर वाढलं, की पन्नास वर्षांपूर्वी कुणी दानशूरानं दिलेली माळावरची जागा सोन्याच्या मोलाची होते आणि तिच्याभोवती माणसं जमायला लागतात. कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक, किंवा बिगरशेती जागा आणि इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानं देतानाही लागते. कर्ज काढायलाही परवानगी हवी. ही परवानगी मागणारा ठराव बहुधा मंडळाच्या सभेतून जातो. तो कसा जातो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माहीत आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मग शोकप्रस्ताव, अभिनंदनाचे ठराव, स्नेहसंमेलन. आणि सर्वांत शेवटी, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय'. चहा आलेला असतो, दोघेजण घड्याळाकडे बघत असतात, आणि तेवढ्यात विकसनाचा करार वाचायलाही न देता मंजूर होतो. मालमत्ता, कर्ज आणि नेमणूक हे विषय ऐनवेळी घेतले जाणार नाहीत, इतका एक साधा नियम मंडळानं स्वतःला घालून घेतला, तरी महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांच्या जागा वाचतील असं मला मनापासून वाटतं.

स्वतःच्या हिताचा प्रश्न याला लागूनच येतो. विश्वस्ताच्या भावाला बांधकामाचं कंत्राट, सुनेला शाळेत नोकरी, व्याह्याच्या दुकानातून गणवेश. आयकर कायदा संस्थापक, मोठे देणगीदार, विश्वस्त आणि त्यांचे नातेवाईक यांना हितसंबंधी व्यक्ती मानतो आणि संस्थेचं उत्पन्न किंवा मालमत्ता त्यांच्या फायद्यासाठी वापरली गेली तर करसवलत धोक्यात येते. हा प्रश्न काही आज उगवलेला नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली उभी राहिली ती आजीव सदस्यांच्या त्यागाच्या कल्पनेवर. थोड्याच वर्षांत तिथे वाद पेटला: आजीव सदस्यानं बाहेरचं काम घ्यावं का, त्याची मिळकत त्याची की संस्थेची? टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा या वादाला धार आली, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी संस्था सोडली. कोण बरोबर होतं याची चर्चा अजून होते. मला त्यातलं दुसरंच काही मोलाचं वाटतं. देशातल्या सर्वांत बुद्धिमान, निःस्वार्थी माणसांनाही हा प्रश्न टाळता आला नाही. त्यांनी तो मंडळासमोर मांडला आणि लेखी भांडले. आजच्या मंडळात एखाद्यानं "या विषयात माझ्या मुलाचा संबंध आहे, मी बाहेर बसतो" असं म्हटलं, की वातावरण अवघडतं. खरं तर असं म्हणणाऱ्याचं नाव इतिवृत्तात आदरानं लिहून ठेवायला हवं.

इतिवृत्तावरून लेखापरीक्षणाची आठवण होते. मंडळात ताळेबंद येतो, अध्यक्ष "मंजूर?" विचारतात, हात वर होतात. पण न्यासाच्या लेखापरीक्षकाला नियमांनी ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायला लावलेली आहेत: परीक्षणाच्या दिवशी रोख शिल्लक आणि व्हाउचर जुळली का, कलम ३५ च्या बाहेर गुंतवणूक झाली का, कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, इतिवृत्ताची वही ठेवली आहे का. ही दोन पानं ताळेबंदाच्या मागे टाचलेली असतात आणि फार थोडे जण ती उलटतात. ज्याला हिशेबातलं कळत नाही असं वाटतं, त्यानं निदान ही दोन पानं वाचावीत. ती रोजच्या बोलण्याइतकी सरळ असतात, आणि तिथे एखाद्या प्रश्नापुढे हवं त्याच्या उलट उत्तर दिसलं की पुढे काय विचारायचं हे आपोआप सुचतं.

आयकर, परदेशी देणग्या, कंपन्यांचा सामाजिक निधी यांचे नियम गेल्या काही वर्षांत कडक झाले आहेत. करसवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च व्हावा लागतो. करसवलतीच्या नोंदणीला मुदत आली आहे आणि ती वेळेत वाढवून घ्यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच घेता येते आणि तिच्यातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर करता येत नाही. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. हे सगळं सनदी लेखापालावर सोपवता येतं. तारखा चुकल्या तर मात्र झळ संस्थेला बसते, म्हणून मंडळानं त्या तारखांची यादी समोर ठेवावी.

माणसांचं काय? संस्थेत काम करणाऱ्या बायकामाणसांबद्दल मंडळं सहसा 'आपली घरचीच माणसं' अशा सुरात बोलतात. घरची म्हणायचं आणि भविष्यनिर्वाह निधी भरायचा नाही, किमान वेतन द्यायचं नाही, हे मला सहन होत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, असा २०१३ चा कायदा आहे, आणि धोरण ठरवणारं मंडळही त्यातल्या मालकाच्या व्याख्येत येतं. मुलांच्या संस्था चालवणाऱ्यांवर तर याहून मोठी जबाबदारी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरांच्या बाजूला, रात्री मुली झोपतात त्या खोल्यांकडे विश्वस्तांनी आगाऊ न कळवता जायला हवं. अहवालात जे येत नाही, ते तिथे दिसतं.

धर्मादाय रुग्णालयांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. नियम स्पष्ट आहे. पण दारात आलेल्या बाईला त्या खाटेबद्दल कुणी सांगतं का, कागदपत्रांच्या नावाखाली तिला परत पाठवलं जातं का, आधी अनामत मागितली जाते का, हे ताळेबंदात कळत नाही. तिथल्या विश्वस्तांनी दर महिन्याला एक आकडा मागावा: किती खाटा राखीव होत्या आणि किती प्रत्यक्षात भरल्या. जमीन, करसवलत, लोकांच्या देणग्या हे सगळं या खाटांच्या भरवशावर मिळालेलं असतं.

तहहयात विश्वस्तांचा प्रश्न नुकताच ऐरणीवर आला. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं अध्यादेश काढून तहहयात विश्वस्तांची संख्या मंडळाच्या एक चतुर्थांशावर मर्यादित केली. काही जुन्या, चांगल्या संस्थांना हे अन्यायाचं वाटलं. मी या दुरुस्तीच्या बाजूचा आहे. संस्थापकांनी हाडांची काडं करून संस्था उभी केलेली असते, त्यांच्याबद्दलचा आदर खरा असतो. पण त्या आदरापोटी त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही, मग त्यांच्या मुलासमोरही कुणी बोलत नाही. मुदत संपणार हे माहीत असलेला माणूस प्रश्न लवकर विचारतो.

परदेशातल्या मराठी मंडळांना कारभारातला उघडेपणा सवयीचा झाला आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदलेल्या धर्मादाय संस्थांचे विश्वस्त आणि जमाखर्चाचे आकडे तिथल्या धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर कुणीही पाहू शकतो. अमेरिकेत करमुक्त संस्थेनं वार्षिक विवरण लागोपाठ तीन वर्षं भरलं नाही तर तिची करमुक्ती आपोआप जाते, आणि मोठ्या संस्थांच्या विवरणात हितसंबंधांबाबतचं धोरण लेखी आहे का, असा प्रश्नही असतो. तिथे दिवाळीचा कार्यक्रम करणाऱ्या मंडळाचे पदाधिकारी हे सगळं भरतात. इथे गावातल्या देणगीदाराला आपल्याच वाचनालयाचा ताळेबंद पाहायचा तर चिटणिसाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं. प्रत्येक संस्थेनं आपला लेखापरीक्षित हिशेब फलकावर लावावा. त्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही.

जबाबदारी कुठवर जाते, याचीही नीट कल्पना हवी. सतत हिशेब न देणं, आदेश न पाळणं, कर्तव्यात वारंवार कसूर, विश्वासघात, अपहार अशा कारणांवरून कलम ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येतं. न्यासाचं नुकसान झालं तर ते स्वतःच्या खिशातून भरून देण्याचा आदेशही होऊ शकतो. हितसंबंध असलेल्या दोन व्यक्ती आयुक्तांच्या संमतीनं दावा लावू शकतात. अशा वेळी "मी तर सभेला जातच नव्हतो" हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही. उलट तीच कसूर ठरू शकते. ज्याला ठराव पटला नाही त्यानं आपला विरोध कारणासह इतिवृत्तात लिहवून घ्यावा, पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम होताना तो शब्द तिथे आहे का हे पाहावं, आणि नसेल तर पत्रानं कळवून पोच ठेवावी.

आणि कधी बाहेर पडावंच लागतं. राजीनामा अध्यक्षांच्या हातात देऊन घरी गेलं म्हणजे सुटका झाली, असं अनेकांना वाटतं. राजीनाम्याच्या प्रतीवर पोच घ्यावी, तो स्वीकारल्याच्या ठरावाची नक्कल मागावी, आणि बदल अर्ज दाखल झाला का हे विचारत राहावं. त्या अर्जावर आदेश होऊन नोंद बदलेपर्यंत परिशिष्ट १ मध्ये नाव तसंच राहतं आणि नोटीस त्याच नावावर निघते. पदावर असताना केलेल्या सह्यांचं उत्तरदायित्व तर नोंद बदलल्यानंतरही राहतं.